उक्त, अनुक्त आणि दुरुक्त : पोस्टग्रेसच्या मार्गदर्शक ग्रंथाची समीक्षा

संस्कृत व्याकरणपरंपरेत वार्तिकाचे कार्य त्रिविध मानले आहे. मूळ सूत्रांत जे सांगितले आहे त्याची, जे सांगावयाचे राहून गेले आहे त्याची आणि जे सदोष रीतीने सांगितले गेले आहे त्याची चिकित्सा करणे, हे ते कार्य होय. कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांच्या बाबतीत हेच केले, आणि पतंजलीच्या महाभाष्याची उभारणी मुख्यत्वे ह्या चिकित्सेवर झाली. उक्त, अनुक्त आणि दुरुक्त ह्या तीन कोटी केवळ व्याकरणाच्याच उपयोगाच्या आहेत असे मात्र नाही. जो ग्रंथ नियम सांगतो, ज्याच्या आधाराने लोक प्रत्यक्ष कृती करतात आणि ज्याचा विषय सतत बदलत असतो, अशा कोणत्याही ग्रंथास त्या लागू पडतात.

संगणकावरील डेटाबेस-प्रणालींचे मार्गदर्शक ग्रंथ ह्या वर्गात मोडतात. त्यांच्या भाषेकडे भाषाभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. ते लिखाण तांत्रिक, म्हणून वाङ्मयबाह्य, म्हणून समीक्षेस अपात्र, अशी एक समजूत रूढ आहे. ही समजूत टिकण्यासारखी नाही, हे मुक्तस्रोत प्रणालींतील एका प्रसिद्ध ग्रंथाच्या आधारे दाखविता येते. तो ग्रंथ म्हणजे पोस्टग्रेसक्यूएल ऊर्फ पोस्टग्रेस ह्या डेटाबेस-प्रणालीचा अधिकृत मार्गदर्शक ग्रंथ होय. अशा लिखाणास अलीकडे ‘दस्तऐवजीकरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु मराठीत दस्तऐवज म्हटले की खरेदीखत, गहाणखत असे कायद्याचे कागद डोळ्यांपुढे येतात. शिकविणे आणि वाट दाखविणे हा ह्या ग्रंथाचा जो धर्म, तो त्या शब्दात उतरत नाही. यास्तव येथे ‘मार्गदर्शक ग्रंथ’ हाच शब्द योजिला आहे.

१. ग्रंथाचे स्वरूप

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली पोस्टग्रेस प्रकल्पास आरंभ झाला. १९९४ साली अँड्र्यू यू आणि जॉली चेन ह्या दोघांनी त्यात एसक्यूएल भाषेची सोय केली. १९९६ साली प्रणालीस आजचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून निरनिराळ्या देशांतील विकासक मिळून ती चालवीत आहेत. तिची नवी प्रमुख आवृत्ती साधारणतः दरवर्षी निघते व प्रत्येक आवृत्तीची दुरुस्ती पाच वर्षे चालू राहते. साहजिकच ग्रंथाच्याही चार-पाच आवृत्त्या एकाच वेळी जिवंत असतात, आणि एखादी चूक सापडली तर ती कोणकोणत्या आवृत्त्यांत सुधारावयाची ह्याचा निर्णय प्रत्येक वेळी करावा लागतो.

पूर्वी ह्या ग्रंथाची पाठमाला, वापरणाऱ्यांसाठी, प्रशासकांसाठी, आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी अशी वेगवेगळी पुस्तके होती. २००३ मधील ७.४ ह्या आवृत्तीपासून ती एका ग्रंथाचे भाग झाली. आज त्यात पाठमाला, एसक्यूएल भाषा, सर्व्हरचे प्रशासन, बाहेरील आज्ञावलींशी जोडणी, सर्व्हरमधील आज्ञालेखन, संदर्भ, अंतर्रचना आणि परिशिष्टे असे आठ भाग असून छापील पानांत त्याचा विस्तार सुमारे ३००० पानांवर जातो.

ह्या ग्रंथाची एक व्यवस्था विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याची संहिता प्रणालीच्या मूळ आज्ञावलीबरोबर एकाच भांडारात ठेवलेली असते. प्रणालीत ज्याचे वर्तन वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल सुचविणाऱ्याने त्या बदलाबरोबरच ग्रंथातील मजकूरही लिहून द्यावा, अशी अपेक्षा असते. आणि आज्ञावलीप्रमाणेच त्या मजकुराचीही तपासणी होते. सूत्रकार आणि वृत्तिकार ह्यांना एकाच आसनावर बसविणारी अशी ही व्यवस्था आहे. ग्रंथाचे बहुतेक गुण तिच्यातून आलेले आहेत, आणि काही दोषही तिच्यातूनच आलेले आहेत.

२. उक्त

जे सांगितले ते यथार्थ सांगणे हा ह्या ग्रंथाचा पहिला गुण होय. संदर्भ-भागात प्रत्येक आज्ञेचे वर्णन ठरलेल्या क्रमाने येते : रूप, वर्णन, घटक, टिपा, उदाहरणे आणि शेवटी प्रमाण एसक्यूएलशी असलेला मेळ. ह्या शेवटच्या कलमात आज्ञेचा कोणता अंश प्रमाणभाषेतील आहे आणि कोणता पोस्टग्रेसने स्वतः घातलेला आहे, हे स्पष्ट सांगितलेले असते. प्रमाण कोणते व बोली कोणती हे आपल्याच ग्रंथात इतक्या नियमाने नोंदविणारे व्याकरण विरळा.

ह्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्रणालीचे वर्तन तिने घेतलेल्या नावास उतरत नाही तेव्हा लागते. एकाच वेळी अनेक व्यवहार चालू असता ते जणू एकामागून एक झाले असेच फळ मिळावे, ही अपेक्षा ‘सीरियलायझेबल’ ह्या शब्दाने व्यक्त होते. पोस्टग्रेसच्या ९.० पर्यंतच्या आवृत्त्यांत ह्या नावाची सोय होती. परंतु प्रत्यक्षात प्रत्येक व्यवहारास आरंभीचे एक स्थिर चित्र दाखविण्यापलीकडे ती जात नसे. रुग्णालयात रात्रपाळीस किमान एक वैद्य असलाच पाहिजे असा नियम आहे आणि दोन वैद्य पाळीवर आहेत, अशी कल्पना करावी. दोघेही एकाच क्षणी नोंद पाहतात; प्रत्येकास दुसरा हजर दिसतो; प्रत्येक जण आपले नाव काढून घेतो. दोन्ही व्यवहार मान्य होतात आणि रुग्णालयात वैद्य उरत नाही. एकामागून एक अशा कोणत्याही क्रमाने हे घडले नसते.

ही उणीव त्या काळच्या ग्रंथाने झाकली नव्हती. नावापुरते सीरियलायझेबल आणि खरे सीरियलायझेबल ह्यांतील भेद सांगणारे स्वतंत्र उपकलमच त्यात होते. पुढे २०११ मधील ९.१ ह्या आवृत्तीत खरी सोय झाली, आणि जुन्या वर्तनास ‘रिपीटेबल रीड’ हे त्याला शोभणारे नाव उरले. प्रणाली सुधारेपर्यंत वर्षानुवर्षे ग्रंथाने सत्य धरून ठेवले, असे येथे म्हणावे लागते. ग्रंथाची देखभाल म्हणजे शुद्धलेखनाची डागडुजी नव्हे, हे सिद्ध करण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

३. अनुक्त

अनुक्ताच्या बाबतीत मात्र इतके समाधान व्यक्त करता येत नाही. जो यंत्र घडवितो तोच त्याचे वर्णन करतो तेव्हा वर्णन यंत्राच्या भागांप्रमाणे होते, वापरणाऱ्याच्या कामाप्रमाणे होत नाही. एखाद्या प्रशासकास जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जावयाचे आहे असे समजू. त्याला ह्या कामाचे सर्वसाधारण विवेचन प्रशासनाच्या भागात मिळते. त्यासाठी असलेल्या साधनाचे वर्णन संदर्भ-भागात मिळते. आणि नव्या आवृत्तीत कोणती जुनी वर्तने बदलली हे परिशिष्टांतील आवृत्ति-टिपणांत मिळते. तिन्ही ठिकाणचा मजकूर बिनचूक आहे. परंतु काम एक आणि वाचने तीन, आणि तिसऱ्याकडे पाहिलेच पाहिजे हे अननुभवी वाचकाच्या ध्यानात येईलच असे नाही.

मूल्यांच्या बाबतीतही अशीच विषमता आढळते. सर्व्हरने सामायिक स्मृतीचा किती भाग राखून ठेवावा हे ठरविणाऱ्या घटकाविषयी ग्रंथ मोकळेपणाने बोलतो : आपोआप मिळणारे मूल्य बहुधा १२८ मेगाबाइट असते, आणि १ गिगाबाइट वा अधिक स्मृती असलेल्या केवळ ह्याच कामाच्या यंत्रावर एकूण स्मृतीच्या २५ टक्क्यांपासून आरंभ करणे रास्त होय, असा सल्ला तेथे आहे. ह्याउलट एका वेळी किती जोडण्या स्वीकाराव्या हे ठरविणाऱ्या घटकाविषयी वाचकास काय मिळते? बहुधा १०० हा आकडा आणि त्याचे परिणाम. आपल्या कामास तो किती असावा हे ठरविण्याची रीत तेथे सांगितलेली नाही. वास्तविक नवख्या प्रशासकाच्या हातून जे घटक अविचाराने वाढविले जातात त्यांत हा एक होय.

ह्यावर असे उत्तर देण्यात येईल की, संदर्भग्रंथाने नियम सांगावा, उपदेश करू नये. उपदेश परिस्थितीप्रमाणे बदलतो आणि लवकर शिळा होतो. हे उत्तर अगदीच निराधार नाही. परंतु ग्रंथाने एका ठिकाणी उपदेश केला आणि दुसऱ्या ठिकाणी केला नाही, ह्या भेदामागे तत्त्व दिसत नाही. जेथे लिहिणारा भेटला तेथे लिहिले गेले, एवढेच दिसते. अनुक्ताची नोंद कोणीतरी जाणीवपूर्वक ठेवल्याशिवाय ते भरून निघत नाही, कारण जे नाही ते तपासणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नसते.

जुन्याची सवय हाही अनुक्ताचाच एक प्रकार मानता येईल. पाठमालेतील मुख्य उदाहरण हवामानाच्या कोष्टकाचे आहे. त्यातील नोंदी सॅन फ्रान्सिस्को व हेवर्ड ह्या शहरांच्या, तारखा नोव्हेंबर १९९४ च्या आणि तपमान फॅरनहाइटमध्ये आहे. उदाहरण सुबोध आहे आणि ज्या काळी व ज्या परिसरात प्रणाली वाढली त्याची खूण म्हणून मनोरंजकही आहे. तथापि जगभरच्या वाचकास ४६ ते ५० अंशांचा दिवस थंड होता की असह्य उन्हाळ्याचा, हे त्यातून आपोआप समजत नाही.

४. दुरुक्त

भाषाभ्यासकाचा खरा अधिकार दुरुक्ताच्या क्षेत्रात पोचतो. दुरुक्त म्हणजे असत्य नव्हे. जे सांगितले ते खरे असूनही ज्या शब्दाने सांगितले तो ऐकणाऱ्यास भलतीकडे नेतो, ते दुरुक्त. ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘लॉग’ ह्या शब्दाचे आहे.

पोस्टग्रेसमध्ये कोणताही बदल मुख्य कोष्टकांत कायमचा उतरण्यापूर्वी एका वेगळ्या नोंदीत लिहिला जातो. वीज गेली, यंत्र बंद पडले, तर ह्या नोंदीवरून डेटा पुन्हा उभा करता येतो. मराठी हिशेबनीसास ही पद्धत नवी वाटणार नाही. व्यवहार प्रथम कीर्दीत लिहावयाचा आणि मग खतावणीत उतरवावयाचा, हीच ती पद्धत. कीर्द फाडून टाकली तर खतावणीचा मेळ बसविणे अशक्य होईल, हे पेढीवरील नव्या उमेदवारासही ठाऊक असते.

परंतु इंग्रजीत ह्या कीर्दीस जो शब्द आहे, तोच सर्व्हरच्या किरकोळ संदेशांच्या टिपणवहीसही आहे, दोन्ही ‘लॉग’च. २०१७ पूर्वी कीर्दीच्या कप्प्याचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ असे होते. कोणता व्यवहार पुरा झाला व कोणता रद्द झाला ह्याची नोंद ठेवणाऱ्या कप्प्याचे नाव ‘पीजी_क्लॉग’ होते. आणि संदेशांच्या टिपणवहीचा रूढ कप्पा ‘पीजी_लॉग’ होता. तीन नावे जवळजवळ एकाच घाटाची. त्यांतील एक निरुपद्रवी आणि दोन प्राणभूत. तबकडीवरील जागा संपत आली की प्रशासक मोठे कप्पे शोधू लागतो. कीर्दीचे तुकडे सामान्यतः प्रत्येकी १६ मेगाबाइटचे असल्याने तो कप्पा फुगलेला दिसतो. नावात ‘लॉग’ दिसतो. जुनी टिपणे काढून टाकण्यास हरकत नाही असे त्यास वाटते. असे लोकांच्या हातून वेळोवेळी घडले आणि कधीही परत न मिळणारा डेटा त्यामुळे नष्ट झाला, हे १० व्या आवृत्तीच्या टिपणांत नमूद आहे. आणि ह्याच कारणास्तव २०१७ साली त्या आवृत्तीत पहिल्या कप्प्याचे नाव ‘पीजी_वॅल’ व दुसऱ्याचे ‘पीजी_एक्सॅक्ट’ असे बदलण्यात आले.

ह्या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ग्रंथात त्या कप्प्यांचे कार्य स्पष्ट सांगितलेले होते. उक्तात उणीव नव्हती. दोष नावात होता, आणि जो वाचक नावावरून अर्थ लावतो तो ग्रंथ उघडीतच नाही. म्हणून ग्रंथातील कोणतीही पुरवणी येथे उपयोगी पडली नसती; नावच बदलणे अवश्य होते. ग्रंथाचे काम प्रणालीतील नावे आहेत तशी समजावून देणे एवढेच आहे, असे म्हणणाऱ्यांचे मत ह्या एका उदाहरणाने बाधित होते. नाव समजावताना तीन सूचना द्याव्या लागत असतील तर नावच तपासले पाहिजे. आणि हे प्रथम कळते ते समजावून सांगणाऱ्यास. सूत्र आणि वृत्ती एकाच भांडारात असल्यामुळे तो ही तक्रार योग्य जागी मांडू शकतो; किंबहुना ती मांडणे हा त्याच्या कामाचा भागच होय.

सर्वच दुरुक्ते मात्र अशी सुधारता येत नाहीत. ‘क्लस्टर’ हा शब्द घ्यावा. सामान्य संगणकव्यवहारात त्याचा अर्थ एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा समूह. पोस्टग्रेसमध्ये एकाच सर्व्हरखालील डेटाबेसांचा संच. आणि ह्याच नावाच्या आज्ञेने एखादे कोष्टक सूचीच्या क्रमाने नव्याने रचले जाते. २०२० मधील १३ व्या आवृत्तीत ग्रंथास शब्दार्थांचे परिशिष्ट जोडण्यात आले, आणि त्यात ह्या शब्दाची व्याख्या देऊन आज्ञेशी गल्लत न करण्याविषयी सूचना दिली आहे. एका शब्दाच्या व्याख्येतच दुसऱ्या अर्थापासून सावध करावे लागणे, हे अनेकार्थत्व मुरल्याचे लक्षण होय.

दुसरा प्रकार प्रमाणभाषेकडून आलेल्या नावांचा. ‘कालक्षेत्रासह काळ’ अशा अर्थाच्या डेटा-प्रकारात कालक्षेत्र साठविलेच जात नाही. दिलेला क्षण जागतिक प्रमाणवेळेत बदलून ठेवला जातो आणि पाहणाऱ्याच्या कालक्षेत्राप्रमाणे परत दाखविला जातो. मुंबईत सकाळी १० वाजता म्हणून केलेली नोंद हिवाळ्यात लंडनमधील वाचकास पहाटेच्या ४.३० ची दिसते, आणि ती मूळ कोठली होती हे नोंदीवरून कळत नाही. नाव प्रमाण एसक्यूएलचे असल्यामुळे ते बदलण्याचा अधिकार पोस्टग्रेसकडे नाही. येथे सुधारणेचा मार्ग वृत्तीतूनच जातो.

तिसरा प्रकार काळाने दुरुक्त झालेल्या वचनांचा. पोस्टग्रेसमधील व्यवहार-क्रमांक ३२ अंशांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी मूल्यांचा असतो. तो फिरून पुन्हा आरंभास येऊ नये म्हणून ‘व्हॅक्यूम’ ही क्रिया वेळोवेळी व्हावी लागते. ती न झाल्यास प्रणाली नवे क्रमांक देणे थांबविते. अशा प्रसंगी सर्व्हर बंद करून तो एकट्या वापरणाऱ्याच्या पद्धतीने सुरू करावा, असा सल्ला जुन्या आवृत्त्यांतून दिलेला असे. अलीकडील आवृत्त्यांत ग्रंथ ह्याच्या उलट सांगतो : सामान्यतः तसे करण्याची गरज उरलेली नाही, आणि ते शक्यतो टाळावे, कारण त्याने काम बंद पडते, शिवाय डेटाच्या रक्षणासाठी घातलेले निर्बंध त्या पद्धतीत लागू राहत नाहीत. ज्या परिस्थितीमुळे सल्ला योग्य होता ती गेली आणि सल्ला मागे राहिला होता. आज्ञावलीत चूक असेल तर ती चाचणीत सापडण्याचा संभव असतो. शिळ्या वाक्याची चाचणी कोणतेही यंत्र करीत नाही. ते कोणीतरी वाचून, मनाशी ताडून, काढावे लागते.

५. मृत शब्दांची व्यवस्था

नाव बदलले की जुने नाव नाहीसे होते असे नाही. ते जुन्या पुस्तकांत, जुन्या आज्ञांत आणि लोकांच्या तोंडी राहते. २०१९ मधील १२ व्या आवृत्तीत पुनःप्राप्तीच्या नियमांची स्वतंत्र फाइल रद्द होऊन ते नियम मुख्य फाइलीत आले; १४ व्या आवृत्तीत ‘डीफॉल्ट रोल्स’ हे नाव जाऊन ‘प्रीडिफाइन्ड रोल्स’ हे आले. अशा बदलांसाठी ग्रंथात एक परिशिष्ट आहे. त्यात रद्द झालेली व बदललेली नावे देऊन आज त्यांच्या जागी काय आहे ते सांगितले आहे. जुने नाव घेऊन येणाऱ्या वाचकास दारातून परत न पाठविता नव्या घरी पोचविण्याची ही सोय कोशकारांनी अनुकरण करावे अशी आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व सुधारलेली दुसरी १८५७ साली निघाली. ह्या दोहोंमधील २६ वर्षांचे काम पुन्हा पाहण्याचे, गाळण्याचे आणि भर घालण्याचेच होते. शब्दसंग्रह एकदा छापून पुरा होत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

६. मराठीशी संबंध

पोस्टग्रेसच्या ग्रंथाचे जपानी, फ्रेंच व रशियन अनुवाद झालेले आहेत आणि ते मूळ आवृत्त्यांबरोबर पुढे नेले जातात. अनुवादकास प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवावाच लागतो; मूळ लेखक संदिग्धतेत राहू शकतो, अनुवादकास तशी मुभा नसते. ‘लॉग’साठी मराठीत कीर्द म्हणावयाचे की टिपणवही, हा प्रश्न ज्याने स्वतःस विचारला त्याला २०१७ मधील नामांतराचे कारण कोणी सांगावे लागले नसते. तीच गोष्ट ‘व्हॅक्यूम’ची. पारिभाषिक कोश उघडून तेथे ‘निर्वात’ लिहिणे सोपे आहे. परंतु येथील क्रिया पोकळी निर्माण करण्याची नसून निरुपयोगी झालेल्या नोंदींची जागा मोकळी करण्याची आहे, आणि तिला ‘झाडलोट’ हा घरगुती शब्दच अधिक यथार्थ होतो.

पुण्यात ह्या प्रणालीच्या विकासात भाग घेणारे अभियंते आहेत. १० व्या आवृत्तीपासून आवृत्ति-टिपणांच्या शेवटी हातभार लावणाऱ्यांची नावे अकारविल्हे दिली जातात. त्यांत आज्ञावली लिहिणारे, तपासणारे आणि दोष कळविणारे हे सर्व एकाच यादीत येतात. ग्रंथातील एक संदिग्ध वाक्य दुरुस्त करणारा हाही ह्या दृष्टीने सहकारीच ठरतो. भाषाविज्ञानाच्या विभागांस येथे प्रत्यक्ष काम आहे. ग्रंथातील अनेकार्थी शब्दांची सूची करणे, एका कामासाठी वाचकास किती ठिकाणी जावे लागते ह्याची नोंद ठेवणे, आणि परिस्थिती पालटूनही मागे राहिलेली वाक्ये हुडकून काढणे, ही कामे आज्ञावली लिहिता न येणाऱ्या परंतु शब्दाचे वजन जाणणाऱ्या विद्यार्थ्यास विकासकांच्या सहकार्याने करता येतील. ह्यांतील पहिले काम एका विद्यार्थ्यास एका सत्रात आटोपण्याजोगे आहे. आरंभ तेथून करावा.